अनमाउंट करताना कर्नल पडतोय? रेस फिक्स करताना या चुका टाळा

अनमाउंट, म्हणजे जोडलेली फाइलसिस्टम सिस्टमपासून वेगळी करणं, वरवर बघितलं तर सोपं काम वाटतं. कोणी वापरतंय का बघा, नसेल तर उरलेला डेटा डिस्कवर लिहा, मेमरी सोडा, झालं. पण कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, हे चालू असताना बाकीचे सीपीयू काही थांबलेले नसतात, कोणीतरी नेमका त्याच क्षणी पाथ शोधत असतो, मागे राइटबॅक (मेमरीतला डेटा डिस्कवर लिहिणं) चालू असतं, मेमरी कमी पडली म्हणून श्रिंकर (कॅशे रिकामी करणारा कोड) तुमच्याच सुपरब्लॉकपाशी (माउंट केलेल्या फाइलसिस्टमची कर्नलमधली मुख्य नोंद) येऊन पोचलेला असतो, आणि तुम्ही "आत कोणी नाहीये" हे बघून पुढची ओळ चालवेपर्यंत कोणीतरी आत शिरलेलं असतं. या अशा शर्यतीलाच रेस म्हणतात.

मी एका फाइलसिस्टमच्या अनमाउंट कोडवर बरेच दिवस घालवलेत, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली. "आत्ता कोणी आहे का" याला फारसा अर्थ नाही, "इथून पुढे कोणी आत येऊ शकतं का" हे विचारायला पाहिजे. आपले बहुतेक फिक्स पहिल्याच प्रश्नावर अडकतात.

आधी मोजणी आणि मग दार बंद

ही सगळ्यात कॉमन चूक. रेफरन्स काउंट (किती जण वापरतायत याची मोजणी) बघितला, शून्य आला, मग "अनमाउंट चालू आहे" हा फ्लॅग लावला. या दोन ओळींच्या मधे दुसऱ्या सीपीयूवर कोणीतरी फाइल उघडली, त्याने फ्लॅग बघितला तेव्हा तो लागलेला नव्हता, म्हणून काउंट वाढवून तो आत गेला, आणि इकडे तुम्ही मेमरी फ्री करायला सुरुवातही केली. क्रम उलटा पाहिजे: आधी फ्लॅग, मग मोजणी, मग जे आधीपासून आत आहेत त्यांचा निर्णय, म्हणजे एकतर ते बाहेर पडेपर्यंत थांबा नाहीतर ईबिझी (वापरात आहे, ही एरर) परत करा. आणि फ्लॅग लावणं आणि आत येणाऱ्याने तो बघून काउंट वाढवणं, दोन्ही एकाच लॉकखाली झालं पाहिजे, नाहीतर क्रम बदलून काही उपयोग नाही.

फ्रीबीएसडीमध्ये हे छान स्पष्ट दिसतं. तिथे डीओअनमाउंट हे फंक्शन आधी माउंटवर अनमाउंटचा फ्लॅग लावतं, मग जे व्हीएफएस_बिझी (माउंट वापरात असल्याची नोंद) घेऊन आत बसलेत ते निघेपर्यंत थांबतं. नवीन कोणी व्हीएफएस_बिझी मागितलं तर तो फ्लॅग बघून झोपतो, किंवा थांबायचं नाही असं सांगितलं असेल तर लगेच एरर घेऊन परत जातो. मला हा कोड वाचूनच पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

लिनक्समध्ये गोष्ट जास्त नाजूक आहे कारण पाथ शोधणं बऱ्याचदा आरसीयू मोडमध्ये (लॉक न घेता वाचायची पद्धत) होतं. म्हणून माउंटचा रेफरन्स पक्का करताना तिथे आधी सीक्वेन्स नंबर (माउंट बदलले की बदलणारा आकडा) बघतात, मग काउंट वाढवतात, मग मेमरी बॅरियर (आधीचं लिहिणं आणि नंतरचं वाचणं यांचा क्रम पक्का करणारी सूचना) टाकतात, आणि मग सीक्वेन्स परत बघतात, मधे बदलला असेल तर माघार. हा बॅरियर "जास्तीचा वाटतोय" म्हणून आपल्या कोडमधून काढू नका, तो नसेल तर काउंट वाढवलेला दुसऱ्या सीपीयूला दिसायच्या आधीच इकडची दुसरी तपासणी पास होऊ शकते.

झोप टाकून रेस लपवणं

मधे १०० मिलिसेकंदांची झोप टाकली आणि क्रॅश गेला, असं झालं तर तो गेलेला नाहीये, फक्त खिडकी लहान झालीये. लोड वाढला की परत येतो, तेही अशा मशीनवर जिथे तुमच्याकडे डीबग बिल्ड नाही. पॉइंटर नल आहे का हे वापरायच्या आधी बघणंही याच जातीचं, कारण बघणं आणि वापरणं यांच्या मधे तो पॉइंटर फ्री होऊच शकतो. अशा पॅचला माझ्याकडून कधीच होकार मिळणार नाही.

शून्यावर गेलेला काउंट परत वाढवणं

काउंट शून्यावर गेला की ती वस्तू मेली. नंतर कोणी तो एक केला म्हणून ती जिवंत होत नाही, कारण फ्री करणारा आधीच कामाला लागलेला असतो. यादीतून किंवा हॅश टेबलमधून काही उचलत असाल तर "शून्य नसेल तरच वाढव" हाच प्रकार वापरायचा, आणि तो फेल झाला तर सरळ पुढे जायचं. लिनक्समध्ये २०१७ साली, ४.११ मध्ये, रेफकाउंट_टी आलं, ते शून्यावरून वाढवल्यावर स्वतःहून वॉर्निंग देतं, साध्या ॲटॉमिकऐवजी ते वापरलं तर असे बग आपोआप वर येतात.

इनोडच्या (कर्नलमधली एका फाइलची नोंद) बाबतीत आयहोल्ड आणि इग्रॅब या रेफरन्स घेणाऱ्या दोन फंक्शनांत लोक हमखास गोंधळ करतात. आयहोल्ड तेव्हाच, जेव्हा तुमच्याकडे आधीपासून एक रेफरन्स आहे. नसेल तर इग्रॅब, कारण ते इनोड फ्री व्हायला लागलाय का हे आय_लॉकखाली बघतं आणि तसं असेल तर नल देतं. त्या नलची तपासणी विसरू नका.

सुपरब्लॉकचंही तसंच. ग्लोबल यादीतून सुपरब्लॉक पकडला आणि त्याचं एस_यूमाउंट हे लॉक मिळायची वाट बघत बसलात, तर लॉक मिळेपर्यंत फाइलसिस्टम बंद होऊन गेलेली असू शकते. म्हणून लॉक मिळाल्यावर परत एकदा बघायचं की हा अजून चालू आहे का.

मागे चालणारी कामं विसरणं

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. आमच्या कोडमध्ये एक डिलेड वर्क (ठरावीक वेळाने मागे चालणारं काम) होतं, दर काही सेकंदांनी जुने इनोड साफ करायचं, आणि ते आम्ही पुट_सुपरमध्ये (फाइलसिस्टमचं आपलं आवरायचं फंक्शन) थांबवत होतो. ऐकायला बरोबर वाटतं ना? पण लिनक्सच्या जेनेरिक शटडाउनमध्ये क्रम असा आहे की आधी डेंट्री (फाइलच्या नावांच्या कॅशेतल्या नोंदी) साफ होतात, मग सिंक, मग एसबी_ॲक्टिव्ह (फाइलसिस्टम चालू आहे) हा फ्लॅग निघतो, मग इनोड एव्हिक्ट होतात, म्हणजे मेमरीतून काढले जातात, आणि त्या सगळ्यानंतर पुट_सुपर बोलावलं जातं. एव्हिक्ट करताना ज्या इनोडचा काउंट शून्य नाही तो सोडून पुढे जातात. आमचं वर्क नेमकं तेव्हा एक इनोड धरून बसलेलं असायचं, आणि कधीकधी तर एव्हिक्ट झाल्यानंतर आयगेट करून नवीन इनोड आणायचं. मग लॉगमध्ये "बिझी इनोड्स आफ्टर अनमाउंट" यायचं, आणि खरा क्रॅश व्हायचा काही सेकंदांनी, भलत्याच प्रोसेसमध्ये, पत्त्यात ६बी ६बी ६बी असं भरलेलं. स्लॅब पॉयझनिंग (मेमरीच्या चुका पकडायची कर्नलची सोय) चालू असेल तर फ्री केलेल्या मेमरीत ६बी हाच बाइट भरतात, त्यामुळे तो दिसला की यूज-आफ्टर-फ्री (फ्री केलेली मेमरी परत वापरणं) समजायचं आणि ज्या प्रोसेसमध्ये पडला तिच्या मागे न लागता आधी कोणी काय फ्री केलं ते शोधायचं. आम्ही दोन दिवस त्या बिचाऱ्या प्रोसेसचाच कोड वाचत होतो.

फिक्स म्हणजे आपल्या किल_एसबीमध्ये (जेनेरिक शटडाउन बोलावणारं फाइलसिस्टमचं फंक्शन), जेनेरिक शटडाउनच्या आधी, ते वर्क थांबवलं. पण नुसतं कॅन्सल केलं तर चालू असलेलं वर्क चालूच राहतं, सिंक वालं कॅन्सल पाहिजे जे संपेपर्यंत थांबतं. आणि टायमर वर्क लावतो, वर्क परत टायमर लावतं, असं चक्र असेल तर आधी "बंद होतोय" हा फ्लॅग लावा, जो दोघंही परत लावायच्या आधी बघतील, नाहीतर एक थांबवेपर्यंत दुसरा त्याला उठवतो. फ्लॅग बघणं आणि वर्क लावणं हेही एकाच लॉकखाली, म्हणजे परत तेच पहिल्या चुकीचं गणित.

लॉक धरून वाट बघणं

रेस गेली आणि डेडलॉक आला, हे खूप वेळा होतं. शटडाउन चालू असताना एस_यूमाउंट राइटसाठी धरलेलं असतं. तुम्ही वर्क संपायची वाट बघताय आणि ते वर्क त्याच एस_यूमाउंटसाठी थांबलंय, म्हणजे दोघंही कायमचे अडकले. वर्कमध्ये ते लॉक लागणारच असेल तर ट्रायलॉक घ्या, मिळालं नाही तर काम सोडून द्या, राइटबॅक सुरू करणारं ट्राय_टू_राइटबॅक_इनोड्स_एसबी हेच करतं. लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारं कर्नलचं साधन) चालू ठेवून टेस्ट करा, ते सिंक कॅन्सल आणि लॉक यांच्यातलं हे चक्रही पकडतं, डेडलॉक प्रत्यक्षात झाला नाही तरी.

आरसीयूमध्ये चुकीची वाट बघणं

इनोडची मेमरी बऱ्याचदा कॉल_आरसीयूने नंतर फ्री होते. मॉड्यूल काढताना स्लॅब कॅशे (एकाच प्रकारच्या वस्तूंसाठी राखलेली मेमरी) नष्ट करण्याआधी सिंक्रोनाइझ_आरसीयू टाकून लोक निर्धास्त होतात, पण ते फक्त आधीपासून वाचत असलेल्यांसाठी थांबतं, रांगेत लागलेले कॉलबॅक चालून संपलेत याची हमी ते देत नाही. त्यासाठी आरसीयू_बॅरियर पाहिजे. एका ओळीचा फरक आहे, पण चुकलात तर मॉड्यूल निघून गेल्यावर त्याचाच कोड चालवायचा प्रयत्न होतो.

लेझी अनमाउंटला फिक्स समजणं

लिनक्समध्ये २.४.११ पासून एमएनटी_डिटॅच, म्हणजेच लेझी अनमाउंट, आहे. त्याने माउंट पाथवरून लगेच गायब होतो, पण शेवटचा रेफरन्स सुटेपर्यंत फाइलसिस्टम आत चालूच असते. स्क्रिप्टमधला ईबिझी टाळायला हे लावून लगेच डिव्हाइसवर दुसरं काही लिहायला गेलात तर डेटा खराब होऊ शकतो. ईबिझी का येतोय ते एफयूझर किंवा एलएसओएफने (कोणती प्रोसेस फाइल धरून बसलीये हे दाखवणारी साधनं) शोधा. कधीकधी त्यातही काही दिसत नाही, उदाहरणार्थ आयओ_यूरिंग (रिंगमधून आयओ मागायची लिनक्सची सोय) वापरणारी प्रोसेस मारल्यावर तिची रिंग मागे वर्कक्यूमध्ये साफ होते, त्यामुळे प्रोसेस गेलेली दिसते तरी थोडा वेळ ईबिझी येऊ शकतो.

फेल झालेला अनमाउंट टेस्टच न करणं

दार बंद केलं, वर्कर थांबवले, आणि मग कळलं की आत कोणीतरी आहे, ईबिझी परत केला. आता फ्लॅग कोण काढणार? दारात झोपलेल्यांना कोण उठवणार? वर्कर परत कोण चालू करणार? आमच्या पहिल्या फिक्समध्ये हे राहिलं होतं, अनमाउंट फेल झाला की फाइलसिस्टम दिसायला चालू पण साफसफाईचं वर्क कायमचं बंद. जमलं तर वर्कर तेव्हाच थांबवा जेव्हा परत फिरायचा रस्ता उरलेला नाही, मग हा प्रश्नच येत नाही.

टेस्ट करताना एका लूपमध्ये माउंट-अनमाउंट, दुसऱ्यात त्याच पाथवर सतत स्टॅट आणि ओपन, तिसऱ्यात सिंक, आणि चौथ्यात कॅशे ड्रॉप करत राहा म्हणजे श्रिंकरही मधे येईल. केॲसन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) लावलेला कर्नल पाहिजेच. जिथे रेस वाटतेय नेमकं तिथे, टेस्टपुरता, डिले टाकून खिडकी मुद्दाम मोठी करा. आधी जुना कोड त्या डिलेसकट पडतो हे बघा आणि मग नवा. जुना पडतच नसेल तर तुम्ही भलत्याच जागी बघताय, आणि तसं असताना नवा कोड रात्रभर चालला तरी त्यातून काहीच कळत नाही.