एक्सेलचा रकाना थेट क्वेरीत: क्लिपबोर्डला स्क्रिप्ट कशी जोडावी

मोर्शी-वरुड पट्ट्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचा डेटाबेस सांभाळत असाल, तर हे काम ओळखीचं असेल. आंबिया बहाराच्या संत्र्याची खरेदी सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेल येते आणि सोबत निरोप, "एवढ्यायचे पैसे निघाले का, पाहून सांगजा भाऊ." मग शेकडो सभासद क्रमांकांना अवतरणचिन्हं लावा, मधे स्वल्पविराम टाका, तेव्हा कुठे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालते. हे हातानं करण्यात काही शहाणपण नाही.

विंडोजमध्ये विंडोज आणि व्ही ही बटणं सोबत दाबली की शेवटच्या २५ कॉपी दिसतात. सोय चांगली आहे, पण तिला स्क्रिप्ट (ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) जोडता येत नाही. त्यासाठी कॉपीक्यू (CopyQ) हे केलेल्या कॉपी सांभाळून ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, म्हणजे रेंज गेली तरी काम अडत नाही.

कॉपीक्यू उघडून एफ६ दाबा. कमांडची खिडकी येईल. तिथे नवी कमांड घ्या, नाव द्या ("यादी करा" चालेल), ग्लोबल शॉर्टकट निवडा आणि दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामनं न अडवलेली बटणं नेमा. कमांडच्या चौकटीत पहिल्या ओळीवर टूलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत आणि पुढे अपूर्णविराम लिहा, म्हणजे copyq: असं. त्याखाली स्क्रिप्ट. भाषा जावास्क्रिप्टच आहे, तेव्हा घाबरू नका.

स्क्रिप्टनं ओळीनं हे करावं:

१. क्लिपबोर्डमधला, म्हणजे नुकताच कॉपी केलेला मजकूर घेऊन नव्या ओळीच्या चिन्हावर तोडणे.
२. प्रत्येक तुकडा ट्रिम करणे (मागची-पुढची मोकळी जागा काढणे) आणि रिकामे तुकडे गाळणे. एक्सेल शेवटी एक जादा ओळ देतं, ती इथे जाते.
३. मजकुरात एकेरी अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहिणे.
४. प्रत्येक तुकड्याभोवती अवतरणचिन्हं, मधे स्वल्पविराम, बाहेरून कंस.
५. तयार मजकूर परत क्लिपबोर्डवर ठेवणे.

इथेच थांबा. आपोआप पेस्ट करायची आणि क्वेरी चालवायचीही सोय करता येते, पण माझं मत विचाराल तर ती करू नये. चुकीची यादी डिलीटच्या क्वेरीत गेली तर निस्तरता नाकीनऊ येतात. डोळ्यांनी पाहून स्वतः पेस्ट करा.

मराठी नावं असतील तर दोन गोष्टी जास्तीच्या. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर देवनागरी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी मोठ्या लिपीतलं 'एन' अक्षर लागतं, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. चौथ्या पायरीतच ते जोडून टाका. दुसरी गोष्ट जास्त छळते. 'वऱ्हाड' मधला अर्धा र काही कीबोर्ड साध्या र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हानं लिहितात, काही ऱ आणि हलन्तानं. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण आतले कोड वेगळे, म्हणून डेटाबेसला ते एकच शब्द वाटतीलच असं नाही. तिसऱ्या पायरीनंतर पहिल्या प्रकाराचं दुसऱ्यात रूपांतर करणारी एक ओळ घाला. आधीपासून साठवलेली नावंही एकदा तशीच करून घ्यावी लागतील.

गट क्रमांकाचं दुखणं मात्र स्क्रिप्टनं बरं होत नाही. ५/२ असं टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून ठेवतं आणि कॉपीही तारखेचीच होते. यादी पाठवणाऱ्याला आधीच सांगा, रकाना टेक्स्ट करूनच भरा.

यादी फार मोठी असेल तर स्क्रिप्टलाच तुकडे पाडायला लावा. ओरॅकल डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या अशा यादीत १००० च्या वर नोंदी घेत नाहीत. एसक्यूएल सर्व्हरही एका इन्सर्टमध्ये (नव्या नोंदी भरणाऱ्या क्वेरीत) थेट लिहिलेल्या १००० ओळींपुढे जाऊ देत नाही.

कॉपीक्यू जुन्या कॉपी डिस्कवर ठेवतं, त्यामुळे लाइन गेली तरी त्या परत मिळतात. पण आधार आणि बँक खात्यांचे क्रमांकही तसेच पडून राहतात. म्हणून आणखी एक कमांड करा, या वेळी 'ऑटोमॅटिक' प्रकारची. मजकुराच्या अटीत आधारसाठी सलग बारा अंकांचा नमुना द्या, चार-चारच्या गटांत मोकळी जागा असलेलाही, आणि 'रिमूव्ह आयटम' वर खूण करा. बँक खात्याच्या क्रमांकाची लांबी बँकेनुसार बदलते, त्यासाठी नमुना वेगळा द्यावा लागेल. पासवर्डला असा नमुना नसतो. त्यासाठी वेगळी कमांड करून विंडोच्या अटीत पासवर्ड मॅनेजरच्या खिडकीचं नाव लिहा.