अ‍ॅटॉमिक हार्ट खेळायला घेताना
२०२३ मध्ये आलेल्या या गेममध्ये १९५५ च्या काल्पनिक सोव्हिएत संघात रोबो माणसांवर उलटतात. खरी मजा बंद इमारतींत आहे. मोकळ्या मैदानात गोळ्या वाया घालवू नका. पाडलेले रोबो उडते ड्रोन येऊन दुरुस्त करतात, त्यामुळे लढाई संपतच नाही. पाळत ठेवणारा कॅमेरा दिसला की नायकाच्या यांत्रिक हातमोज्यातून विजेचा झटका द्या आणि सटका.

सुरुवातीला गोळ्यांची चणचण असते. एकटादुकटा रोबो कुऱ्हाडीनेच हाणा, घोळका मास टेलिकायनेसिसने (हातमोज्याची एक शक्ती) हवेत उचलून धरा. कौशल्यांवर खर्चलेले गुण नोरा यंत्रात (जिथे शस्त्रं-कौशल्यं सुधारतात) पूर्ण परत मिळतात, तेव्हा बिनधास्त प्रयोग करा. ड्रॉवर एकेक उघडायची गरज नाही: बटण दाबून धरलं की सामान आपोआप खेचलं जातं. नायकाची बडबड मात्र डोकं उठवते, आणि कुलपांची कोडी पुन्हापुन्हा तीच.