पावसाळ्यात कोल्हापूरला फोन: काय विचारायचं, कसं विचारायचं

पोरं पुण्या-मुंबईला, आईवडील पेठेतल्या घरात दोघंच आणि गल्लीत राहिलेला एक जुना मित्र. कोल्हापुरातल्या कितीतरी घरांची आज हीच मांडणी आहे. मित्राशी अधूनमधून बोलणं होतं, पाऊस, घरची तब्येत, दूध-भाजी असं करत दहा मिनिटं जातात आणि "सगळं बरं हाय, तू काळजी करू नको" यावर फोन संपतो. एवढ्यावर कळत काहीच नाही. पोरांच्या जिवाला घोर नको म्हणून म्हातारी माणसं दुखणं लपवतात, आणि मित्राला जाता-येता दारातून दिसलं तेवढंच ठाऊक असतं. म्हणून प्रश्न असा हवा की उत्तरात एक तर आकडा येईल, नाहीतर डोळ्यांनी बघून सांगता येईल अशी गोष्ट येईल.

आधी नदीचं

"पाऊस हाय काय?" हा प्रश्न कोल्हापुरात फारसा कामाचा नाही. शहरात उघडीप असतानाही पंचगंगा चढते, कारण पाणी येतं ते राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडीकडून. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं सगळं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र होऊन शहराकडे येतं. म्हणून विचारायचं ते असं: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं.

नुसती पातळी पुरत नाही, चढण्याचा वेग लागतो. सकाळचा आकडा आणि आत्ताचा आकडा, दोन्ही विचारा. सकाळी आठला ४१ फूट २ इंच आणि संध्याकाळी सहाला ४२ फूट असेल, तर दहा तासांत दहा इंच वाढ झाली. याच वेगाने उरलेला एक फूट बारा तासांत भरेल, म्हणजे उद्या पहाटे नदी धोका पातळीवर. हा हिशेब संध्याकाळीच झाला तर रात्र पडायच्या आत हालचाल करता येते.

तिसरी गोष्ट राधानगरीच्या दरवाजांची. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी भोगावतीत येतं. एखादा दरवाजा उघडला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण चार-पाच उघडे असतील, गगनबावड्याला पाऊस थांबत नसेल आणि बंधाऱ्याची पातळी आधीच चाळिशीत असेल, तर मित्राला घरी जाऊन यायला सांगा. तरणा आणि म्हातारा पाऊस (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांचा, साधारण जुलैचा) चालू असताना, आणि पुढे आश्लेषाचे दिवस संपेपर्यंत, हे तीन आकडे रोज घ्यावेत. २०२१ चा पूर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आला, २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या.

घर सुतारवाडा, जामदार क्लब, दुधाळी, उत्तरेश्वर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, बापट कॅम्प, कदमवाडी या बाजूला असेल आणि मागच्या पुरात उंबऱ्याला पाणी लागलं असेल, तर आईवडिलांना ३९ फुटांनाच हलवावं. ४३ ची वाट बघू नये. जयंती नाल्याचं पाणी उलटं चढतं, त्यामुळे नदीपासून लांबच्या गल्लीतही ते मागच्या बाजूने शिरतं. गुडघाभर गढूळ पाण्यातून सत्तरीच्या माणसाला चालवत नेलं तर उघडं गटार दिसत नाही, पाय घसरतो, मांडीचं हाड मोडतं. कोरड्या रस्त्याने रिक्षात बसवून नेण्यात यातलं काहीच होत नाही. आणि एक लक्षात ठेवा: मोठा पूर आला की शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडतो. तुम्ही पुण्याहून निघून पोचाल हे धरून चालू नका. कुणाकडे न्यायचं, किल्ली कुणाकडे, रिक्षा कुणाची, हे मृग लागायच्या आधीच मित्राशी बोलून ठरवलेलं पाहिजे.

उंचावर राहणाऱ्यांनाही पूर चुकत नाही. शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं पाण्याखाली गेली की राजारामपुरीतसुद्धा नळ कोरडे पडू शकतात. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरा. दोघांना सात दिवसांचं ७० लिटर होतं. ते झाकणाच्या भांड्यात भरून ठेवायला सांगा.

मग तब्येत

वडिलांची, म्हणजे आण्णांची, तब्येत आण्णांना विचारू नका, आईला, म्हणजे आक्कांना, विचारा. आक्कांची आण्णांना. स्वतःबद्दल दोघंही "मला काय धाड भरलीया" म्हणतील, पण दुसऱ्याबद्दल विचारलं की "रात्रभर खोकत्यात, झोप न्हाई" हे आपोआप बाहेर येतं. मित्रालाही हीच युक्ती सांगून ठेवा.

सगळ्यात जास्त सांगून जाणारे प्रश्न साधेच असतात.

"किती उशा घेऊन झोपतासा?" एका उशीच्या दोन झाल्या, किंवा रात्री धाप लागून उठून बसावं लागतं, तर फुप्फुसात पाणी साचत असण्याची शक्यता असते. हृदय कमी पडायला लागल्याची ही खूण आहे. जोडीला "जिना चढताना मधी थांबावं लागतंय काय? गेल्या महिन्यात लागत होतं काय?" हे विचारा. पायाची सूज मित्राने स्वतः बघावी: नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरायचा आणि उचलायचा. खळगा तसाच राहिला तर सूज आहे. घरी वजनकाटा असेल तर सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन घ्यायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

"आज जेवायला काय केलंवतं?" याला सलग दोन-तीन दिवस "दूधभात" असं उत्तर आलं, तर भूक मेलेली आहे, दात दुखतोय किंवा स्वयंपाकाला उभं राहवत नाही. तिन्हींपैकी कुठलं, ते पुढे विचारायचं. पावसात भाजी आणायला जाणं टळतं आणि ताटात खर्डा, लोणचं, पापड वाढतात. ब्लडप्रेशरच्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून मीठ एक छोटा चमचा, पाच ग्रॅम, यापेक्षा जास्त नको. लोणच्याच्या दोन फोडींतच त्यातला बराच वाटा जातो.

ब्लडप्रेशरचा आकडा विचाराल तेव्हा तो मोजला कसा हेही विचारा, कारण घरी मोजताना चुका फार होतात. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवी करून यायचं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरच्या बाहीवर नाही. हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहायचे. हात खाली लोंबता असेल किंवा मोजताना तोंडाची टकळी चालू असेल तर आकडा उगाच जास्त येतो, आणि घाबरून कुणीतरी गोळी वाढवतं. शांत बसून पुन्हा मोजूनही १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, हातापायातली ताकद जाणं किंवा बोबडी वळणं यातलं काही असेल, तर घरी थांबायचं नाही.

मधुमेह असेल तर पावसाळ्यात दोन्हीकडून त्रास होतो. रंकाळ्यावरचं फिरणं बंद होतं, साखर वाढते. लाइट गेली, जेवायला उशीर झाला आणि गोळी किंवा इन्सुलिन मात्र वेळेवर घेतलं, तर साखर उतरते. घाम, थरथर, चिडचिड, अंधारी अशी लक्षणं दिसली की आधी साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर अर्धा पेला पाण्यात तीन छोटे चमचे साखर घालून पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, आणि बरं वाटल्यावर भाकरी किंवा बिस्किट द्यायचं. यंत्र हाताशी नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात, फ्रीजरमध्ये कधीही नाही, गोठलेलं वाया गेलं. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे बाहेर चालतं (पाकिटावरची मुदत बघून घ्या). लाइट फार वेळ गेली तर बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मातीच्या ओल्या मडक्यात ठेवाव्यात.

गोळ्या "हायत की" असं सांगितलं जातं. मोजायला लावा. रोजच्या प्रत्येक गोळीचा किमान पंधरा दिवसांचा साठा जून ते सप्टेंबर घरात हवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मित्राच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, उंच फळीवर.

ताप

पावसाळ्यात ताप आला की नुसतं "सर्दी-तापच हाय" यावर सोडू नका. कितवा दिवस, थर्मामीटरवर किती, लघवी किती वेळा झाली, एवढं विचारा. डेंग्यूचा संशय असेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यायचं: ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, आणि यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या अंगदुखीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून थांबवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. डेंग्यूचा धोका ताप उतरताना असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. घरचे म्हणतात "ताप गेला", आणि त्याच वेळी पोटात जोरात दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, माणूस गळून पडतो. म्हणून ताप उतरल्यावरही दोन दिवस रोज फोन करा.

डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून सगळं पाणी ओतायचं. बॅरल नुसतं रिकामं करून चालत नाही, आतून घासावं लागतं, कारण अंडी काठाला चिकटून राहतात. फ्रिजमागचा ट्रे आणि तुळशीच्या कुंडीखालची ताटली हमखास विसरली जाते. पुरासाठी भरलेलं पाणीही झाकण घट्ट नसेल तर फडकं बांधून ठेवा.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसची पुडी द्यायची, ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. चोवीस तासांनी उरलेलं टाकून नवीन करायचं.

मित्रावर किती भार

दर आठवड्याला दहा मिनिटांची एक फेरी, एवढंच मागावं. गोळ्यांची पाकिटं, पाय, पाण्याचं बॅरल, न्हाणीघरातली शेवाळलेली फरशी आणि तिथला दिवा. यापेक्षा जास्त मागितलं तर चांगला माणूसही थकतो. तुम्हीही त्याच्या घरचं विचारा, त्याच्या आईच्या गुडघ्याचं, पोरांच्या शाळेचं. एकतर्फी चौकशी फार दिवस टिकत नाही.

तातडीच्या वेळी त्याने आधी १०८ लावायचा आणि मग तुम्हाला कळवायचं, उलट नाही. पत्ता सांगताना तालमीचं किंवा देवळाचं नाव सांगावं, गाडी लवकर सापडते. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) दसरा चौकाजवळ आहे आणि रात्रीही चालू असतं. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहून घ्या. हा लकवा असू शकतो, आणि मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पुरात अडकल्यास जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे.

पाणी ओसरल्यावर

टीव्हीवरच्या बातम्या थांबतात, नातेवाइकांचे फोन थांबतात, आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण तेव्हाच सुरू होतात. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून, पायाच्या भेगांतून हा जंतू शरीरात जातो. लक्षणं साधारण पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, कधी महिन्याने. ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल होणं. घरातला चिखल काढताना गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. आण्णांना हातात खराटा घेऊच देऊ नका. आठवड्याला एकदा घ्यायची प्रतिबंधक गोळी आरोग्य कर्मचारी देतात, ती त्यांच्याच सल्ल्याने घ्यावी. पाणी ओसरल्यापासून महिनाभर कुणालाही ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगायचं: अमुक तारखेला पुराच्या पाण्यात उतरलो होतो. हे सांगितलं नाही तर डॉक्टर साधा ताप समजून औषध देतात आणि तोवर त्रास मूत्रपिंडापर्यंत पोचतो.