अलिबागला निघण्याआधी तिथी बघा

सुट्टीच्या शनिवारी अलिबागच्या मुख्य किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. तरीही निवांत फिरायचं आणि ताजं खायचं असेल, तर वार ठरवण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. आमच्या किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी भरती-ओहोटीवर ठरतात.

हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं.

माझी आवडती तिथी द्वितीया. सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी पूर्ण होते, म्हणजे गर्दी नाश्त्याला बसलेली असताना किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन येता येतं. आत गणेश पंचायतन आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. मात्र पाणी चढायच्या आत परत फिरा. एकदा भरती सुरू झाली की ‘अजून पाच मिनिटं’ नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरतं हटत नाही, तेव्हा चालत जायचा हट्ट धरू नका.

दुपार-संध्याकाळ गावात घालवूच नका. अक्षीला सुरूच्या बनात बसा, हिवाळ्यात तिथे समुद्रपक्षी दिसतात. आणखी पुढे रेवदंड्याला पोर्तुगीज तटबंदीच्या आतच नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्या सावलीत चालण्यासारखं सुख नाही, पण वाडी कुणाची तरी आहे, विचारून आत जा.

आता जेवण. खाणावळीत शिरल्यावर ‘सुरमई आहे का?’ असं विचारू नका, ‘आज काय आलंय?’ असं विचारा. डोलीचं जाळं, म्हणजे समुद्रात एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं, पाण्याच्या ओढीवर चालतं आणि उधाणात ओढ जास्त, म्हणून पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास बोंबील, मांदेली, जवळा भरपूर. बोंबील उभा चिरून, वजनाखाली दाबून, पाणी काढून मगच तळलेला हवा. असा बोंबील तांदळाच्या पिठात बाहेरून कुरकुरीत होतो आणि आत लोण्यासारखा राहतो. घाईत तळलेला तव्यावरच पाणी सोडतो आणि लिबलिबीत होतो. सोबत तांदळाची भाकरी घ्या, आणि उन्हाळा असेल तर इथला पांढरा कांदा मागून घ्या.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत पापलेटचा आग्रह सोडा. सुकट आणि वालाचं बिरडं मागा.