इंग्लिशमुळे मार्क जातायत? मग स्पोकनचा क्लास जरा थांबवा

मार्क कमी पडले की पोरं पहिली धाव घेतात ती स्पोकन इंग्लिशच्या क्लासकडे, आणि माझ्या मते तिथेच गणित चुकतं. गप्पा मारायचं इंग्लिश वेगळं आणि पुस्तकातलं वेगळं, जिम कमिन्स नावाच्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकाने हा फरक १९७९ मध्येच मांडलाय. परक्या देशात गेलेल्या शाळकरी मुलांबद्दल होतं ते, बोलण्यापुरती भाषा साधारण २ वर्षांत येते पण अभ्यासाची यायला ५ ते ७ वर्षं लागतात. म्हणून फाडफाड बोलणाराही पेपरात आपटतो.

तर आधी एक टेस्ट करा. जुन्या पेपरातला प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर मित्राला मराठीत समजावून सांगा. जमलं तर विषय येतो, अडतंय ते इंग्लिश. नाही जमलं तर उगाच इंग्लिशच्या नावाने खडे फोडू नका, पुस्तक उघडा!

मग प्रश्नातलं क्रियापद बघायचं. मी एकदा 'इव्हॅल्युएट' विचारलेलं असताना चार पानं नुसतं वर्णन लिहून आलो, हात दुखेपर्यंत, आणि मार्क आले निम्म्याहून कमी. तिथे फायदे-तोटे तोलून आपलं मत द्यायचं होतं. 'डिस्क्राइब' म्हणजे कसं आहे ते सांगा, 'जस्टिफाय' म्हणजे कारणं द्या, 'कम्पेअर' म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बोला, एकदा याचं आणि मग एकदा त्याचं असं नाही.

वाचताना अडकवतात ते मोठे शब्द नाहीत, बारके अडकवतात. वायूचा दाब आणि आकारमान यांच्या बॉइलच्या नियमात 'प्रोव्हायडेड द टेम्परेचर इज कॉन्स्टंट' असं येतं, तिथे प्रोव्हायडेड म्हणजे 'पुरवलं' नाही, तर 'अट एवढीच की तापमान बदलता कामा नये', आणि ही अटच सुटली तर अख्खा नियम चुकला. अनलेस, व्हेअरॲज, हेन्स, असे वीसेक शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा, प्रत्येकापुढे पुस्तकातलंच वाक्य लिहा, नुसता अर्थ नको.

शब्द वाढवायचे तर भाषा-संशोधक एव्हरिल कॉक्सहेडची २००० सालची अकॅडमिक वर्ड लिस्ट घ्या, त्यात ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले बाकीचे) आहेत आणि अभ्यासाच्या मजकुरातले साधारण १०% शब्द त्यातलेच निघतात, म्हणजे कुठलाही विषय असो, फुकट जात नाही. दिवसाला पाच केले तरी चार महिन्यांत संपते.

धडा वाचायला घ्याल तेव्हा मात्र प्रत्येक शब्दाला डिक्शनरी नको, त्याने वाचनाचा दमच तुटतो. आधी पूर्ण पॅरा वाचा, तोच शब्द दुसऱ्यांदा आडवा आला तर बघा.

आणि लिहिताना वाक्य लहान. मराठीत विचार करून लांबलचक वाक्य इंग्लिशमध्ये ओढत नेलं की कर्ता एकीकडे, क्रियापद भलतीकडे (मी इथे लिहितोय तशी वाक्यं पेपरात नकोत 😅). आठवड्यातून एक उत्तर घड्याळ लावून लिहा आणि दोन दिवसांनी मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळेल तिथे तोडून दोन करा.