कमी मिथेनसाठी रवंथ करणाऱ्या जनावरांचा आहार कसा बदलावा

रवंथ करणाऱ्या जनावराने खाल्लेली वैरण प्रथम कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जाते आणि तेथील जिवाणू, आदिजीव व बुरशी ती आंबवतात. त्यातून जनावराला ऊर्जा पुरवणारी मेदाम्ले तयार होतात, तसेच हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायूही सुटतात. आर्किया गटातले सूक्ष्मजीव या वायूंपासून मिथेन हा वातावरण तापवणारा वायू बनवतात आणि तो बहुतांशी ढेकरांवाटे बाहेर पडतो. खाद्यातील एकूण ऊर्जेपैकी साधारण २ ते १२ टक्के ऊर्जा अशी वाया जाते, त्यामुळे हा प्रश्न हवामानाचा आहे तितकाच दुधाचा आणि वजनवाढीचाही आहे. आहार बदलताना कोठीपोटातल्या हायड्रोजनचे काय होणार, हे पाहावे.

सुरुवात वैरणीपासूनच करावी, कारण निकृष्ट वैरणीवर महागडी पूरके घालण्यात अर्थ नाही. जून झालेल्या चाऱ्यातील लिग्निन या कठीण, न पचणाऱ्या घटकामुळे तो नीट पचत नाही, कोठीपोटात जास्त वेळ पडून राहतो आणि दर लिटर दुधामागे मिथेन वाढतो. म्हणून चारा फुलोऱ्याच्या सुमारास कापावा, कुट्टी करून द्यावा आणि जास्तीच्या चाऱ्याचा मुरघास करावा. चांगली वैरण जनावर अधिक खाते, त्यामुळे एका जनावराचा एकूण मिथेन थोडा वाढलेलाही दिसेल. हिशेब मात्र दर लिटर दुधामागे किंवा दर किलो वजनवाढीमागे मांडावा.

यानंतर खुराकाचा, म्हणजे धान्यासारख्या पौष्टिक खाद्याचा, विचार करावा. तंतुमय चाऱ्यातून मुख्यतः ॲसिटेट हे मेदाम्ल बनते आणि हायड्रोजन मोकळा होतो. धान्यातील स्टार्चपासून प्रोपिओनेट हे दुसरे मेदाम्ल बनताना तोच हायड्रोजन वापरला जातो, म्हणून मिथेन घटतो. परंतु खुराक एकदम वाढवला तर कोठीपोटातील आम्लता वाढते, तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात आणि जनावर आजारी पडते. बदल दोन ते तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने करावा आणि रोज गोठ्यात निरीक्षण करावे: निवांत बसलेल्या जनावरांपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करत असावीत. शेण पातळ, फेसाळ झाले किंवा त्यात अख्खे दाणे दिसू लागले, तर खुराक लगेच कमी करावा. माझ्या मते ही रोजची पाहणी कोणत्याही तक्त्यापेक्षा मोलाची आहे.

तेलबियांतील मेदानेही मिथेन कमी होतो, पण आहाराच्या शुष्क भागात एकूण मेद ६ ते ७ टक्क्यांपुढे गेल्यास तंतूंचे पचन बिघडते.

पूरकांचा क्रम शेवटचा. ३-नायट्रोऑक्सिप्रोपॅनॉल हे रसायन मिथेन बनवणाऱ्या शेवटच्या विकराला (एन्झाइमला) अडवते, तर ॲस्परागोप्सिस या लाल समुद्री शेवाळातील ब्रोमोफॉर्म हे संयुग त्याच प्रक्रियेत अडथळा आणते. नायट्रेट हायड्रोजन स्वतःकडे ओढून घेते, मात्र मात्रा चुकल्यास नायट्राइटची विषबाधा होऊन जनावर दगावू शकते. म्हणून पशुवैद्यकाच्या देखरेखीशिवाय ते कधीही देऊ नये.