शुद्ध व्हिटॅमिन सी वापरून आयोडिनचं द्रावण प्रमाणित कसं करावं

आयोडिनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या ताकदीचं कधीच राहत नाही. आयोडिन उडून जातं, झाकण सैल राहिलं तर आणखी लवकर. म्हणून वापरण्याआधी त्याची खरी ताकद काढावी लागते, आणि त्यासाठी शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच व्हिटॅमिन सी, हा माझा आवडता पदार्थ आहे. विषारी नाही, कोरडं असेल तर टिकतं, आणि त्याचा एक रेणू आयोडिनच्या बरोबर एकाच रेणूशी अभिक्रिया करतो. तोललेल्या पुडीला किती मिली आयोडिन लागतं ते थेंबाथेंबाने मोजायचं (यालाच टायट्रेशन म्हणतात), की हिशोब सरळ.

औषधाच्या गोळ्या कुटून हे काम होत नाही. गोळीत बाकीचा मालमसाला असतो आणि त्याचं प्रमाण आपल्या हातात नसतं. विश्लेषणासाठीची शुद्ध पूड घ्या. ती पांढरीशुभ्र, स्फटिकांसारखी हवी. पिवळसर झाक दिसली तर बाटली बाजूला ठेवा. ओलसर वाटली तर सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून वाळवा. ‘ओव्हनमध्ये तापवून घ्या’ असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. सुमारे १९० अंश सेल्सिअसला ही पूड वितळता वितळताच मोडते, आणि ओलाव्यासोबत उष्णता मिळाली की त्याच्या कितीतरी आधी खराब व्हायला लागते.

आयोडिन ०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) हवं असेल तर १२.७ ग्रॅम आयोडिन आणि साधारण २० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी अगदी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा, मगच एक लिटर करा. घाईत सगळं पाणी एकदम ओतलं तर तळाशी खडे राहतात आणि तासभर ढवळत बसावं लागतं. द्रावण तपकिरी बाटलीत ठेवा. आयोडिनने निळं होणारं स्टार्चचं १ टक्का द्रावण त्याच दिवशी करा.

आता खरी अडचण. कोरडं व्हिटॅमिन सी जितकं गुणी, तितकंच पाण्यातलं व्हिटॅमिन सी बेभरवशाचं. हवेतला ऑक्सिजन ते खातो, आणि पाण्यात तांब्याचा अंश असेल तर फारच झपाट्याने. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी सुरुवातीला मी एक मोठं द्रावण करून ठेवलं आणि त्यातूनच पिपेटने नमुने घेत गेलो. पहिलं रीडिंग, म्हणजे लागलेलं आयोडिन, २२.७ मिली, मग २२.३, मग २१.८. दुपारनंतर २१ च्याही खाली. मी आयोडिनला दोष दिला, ते पुन्हा तयार केलं, आणि तरी तेच. दोन दिवस गेल्यावर लक्षात आलं: आयोडिन कमजोर होत असतं तर रीडिंग वाढलं असतं. ते घटत होतं, म्हणजे फ्लास्कमधलं व्हिटॅमिनच संपत होतं. ऊर्ध्वपातित पाण्याच्या टाकीला पितळी तोटी होती. तांबं तिथून येत होतं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: साठ्याचं द्रावण करायचं नाही. प्रत्येक टायट्रेशनसाठी पूड वेगळी तोलायची, ०.२ ग्रॅमच्या आसपास, चार दशांश स्थळांपर्यंत. कोनिकल फ्लास्कमध्ये उकळून गार केलेलं ऊर्ध्वपातित पाणी १०० मिली आणि १ मोलर सल्फ्युरिक आम्ल २५ मिली आधी घ्या. पूड त्यानंतर टाका. हा क्रम उलटा करू नका. उकळल्याने पाण्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि आम्लामुळे ऑक्सिडेशन मंदावतं. १०० मिली पाण्यात सुमारे ३३ ग्रॅम मावतं, तेव्हा ०.२ ग्रॅम काही सेकंदांत विरघळतं. ब्युरेट (तोटी असलेली मापाची नळी) आयोडिनने आधीच भरून ठेवलेली असू द्या, म्हणजे लगेच सुरुवात करता येईल. मध्ये फोन घ्यायला उठलात तर तो फ्लास्क ओतून द्या. नळाचं पाणी तर अजिबात नको, त्यातलं क्लोरीनही व्हिटॅमिन संपवतं.

स्टार्च २ मिली, आणि सुरुवातीलाच. ‘स्टार्च शेवटी घाला’ हा सल्ला थायोसल्फेटच्या टायट्रेशनचा आहे, जिथे आयोडिन फ्लास्कमध्ये असतं. इथे ते ब्युरेटमध्ये आहे. दोन्हींची गल्लत करणाऱ्या सूचना मी छापील वह्यांमध्येही पाहिल्या आहेत.

ब्युरेटची तोटी काचेची किंवा टेफ्लॉनची हवी, रबराला आयोडिन खातं. गडद द्रावणात पृष्ठभागाच्या वक्राचा तळ दिसत नाही, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वरची कड वाचा.

थेंब पडतो तिथे निळा ठिपका उठतो आणि हलवताच विरतो. तो विरायला वेळ घेऊ लागला की एकेक थेंब, मग अर्धा. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा. फिकट निळा रंग ३० सेकंद टिकला की थांबा. गडद शाईसारखा रंग म्हणजे तुम्ही पुढे गेलात.

हिशोब: पुडीचं वजन ग्रॅममध्ये घ्या, १००० ने गुणा, १७६.१२ ने भागा आणि मग रीडिंगच्या मिलीने भागा. ०.२०१५ ग्रॅमला २२.९० मिली लागले तर आयोडिन ०.०४९९६ मोलर. वजन दर वेळी वेगळं असणार, म्हणून नुसती रीडिंग्ज एकमेकांशी ताडू नका, काढलेली मोलॅरिटी ताडा. तीन उत्तरं तिसऱ्या अर्थपूर्ण अंकापर्यंत जुळली पाहिजेत. ती क्रमाने एकाच दिशेला सरकत असतील तर सरासरी काढू नका, आधी पाणी बदला.

फॉस्फेट मोजताना मॉलिब्डेनमचा निळा रंग आणण्यासाठी हेच व्हिटॅमिन क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ) म्हणून वापरतात. तिथेही त्याचं द्रावण ताजंच करा. कालच्या बाटलीतल्या द्रावणाने रंग फिका आला, तर नमुन्यात फॉस्फेट कमी आहे असं लिहून मोकळे होऊ नका.